दोन गोळ्यांचा पाव

बेकरीत बाबांच्या उजव्या हाताचं फार नाव होतं. मळलेल्या पिठाच्या ढिगातून ते एक गोळा तोडायचे, काट्यावर टाकायचे, आणि काटा दरवेळी त्याच रेघेवर थांबायचा. नव्यानं कामाला लागलेल्या प्रत्येकाला हा खेळ दाखवला जाई. नवखा म्हणे, जमलं असेल एकदा. मग बाबा त्याच्याशी गप्पा मारत, पिठाकडे न बघता पुन्हा तोडत, आणि काटा पुन्हा तिथंच. मालक तर येईल त्याला सांगायचे, "काटा बिघडला की मी तो यांच्या हातावरून लावून घेतो." बाबा त्या दिवशी शीळ घालत घरी येत.

अशा हाताच्या माणसाच्या पदरात देवानं जुळ्या मुली टाकल्या. आता बोला.

दोघींमध्ये काही मिनिटांचं अंतर. तेवढ्यावर एक मोठी ठरली, दुसरी धाकटी, आणि घरीदारी तीच नावं चिकटली. दिसायला इतक्या सारख्या की लहानपणी आईनं एकीलाच दोनदा आंघोळ घातली आणि दुसरीला तशीच झोपवली, असं सगळे सांगतात. आई मात्र अजूनही कबूल होत नाही. स्वभाव तेवढे वेगळे. मोठीच्या तोंडाला कुलूप नाही, आणि धाकटी गरजेपुरतं बोलणारी. पण एका बाबतीत दोघी सारख्याच हट्टी. दुसरीच्या ताटात कणभर जास्त गेलेलं चालायचं नाही. पाव असो, अंडं असो, केळं असो, दोन तुकडे सारखे नसले की घर डोक्यावर घ्यायच्या. त्यावर इलाज एकच, बाबांचा हात. बाबांनी तोडलं की भांडण मिटलं. पुढे पुढे तर समोर दोन अंडी असली तरी आधी एक सोलून अर्धं अर्धं खायच्या, मग दुसरं सोलून अर्धं अर्धं. आई म्हणायची, "अगं, एकेक उचला की सरळ." पण छे. त्या घरात जेवायची तीच रीत होऊन बसली.

आई शहरात बस चालवायची. तिच्या बसनं जाणाऱ्या एक बाई होत्या. स्टॉपवर एकमेकींच्या झिंज्या ओढणाऱ्या या दोन पोरी त्यांनी बरेच दिवस पाहिल्या आणि एक दिवस आईला म्हणाल्या, "एवढी ताकद फुकट घालवतायत. मॅटवर आणा त्यांना." त्या निघाल्या कुस्तीच्या कोचबाई. पोरी मॅटवर गेल्या आणि तिथल्याच झाल्या. शाळा, मॅट, घर. गल्लीतली भांडणं बंद पडली, कारण आता रोज संध्याकाळी रीतसर भांडायला मिळत होतं.

त्यांचं सोळावं सरलं, कुस्तीचा मोसम संपला, आणि कोचबाईंनी आईबाबांना हॉलमागच्या छोट्या खोलीत बोलावून घेतलं. मुलीही होत्या. खोलीत दोनच खुर्च्या, त्यामुळे मुली गुंडाळलेल्या मॅटवर टेकल्या.

"सरळ सांगते," कोचबाई म्हणाल्या. "क्लबकडून एका वजनगटात एकच मुलगी जाते. हा मोसम मी कसाबसा निभावला. एका स्पर्धेला हिला पाठवलं, एकीला तिला. पुढच्या मोसमात या वयाच्या मुलींची सगळ्यात मोठी स्पर्धा आहे आणि तिथं असली वाटणी चालणार नाही. मोसम उघडताना निवड होईल. दोघी याच गटात राहिल्या तर एकमेकींशी खरी लढत करावी लागेल. जी जिंकेल ती जाईल, हरेल ती वर्षभर घरी. नाहीतर एकीनं वरच्या गटात जायचं."

मोठीचं तोंड पहिल्यांदाच बंद होतं. रोज सराव करताना दोघी एकमेकींना शंभरदा पाडायच्या, पण ते वेगळं. सरावात पाडलं की हात देऊन उठवायचं असतं. बाबांना तर दोघी समोरासमोर उभ्या आहेत आणि आपण कुणासाठी टाळ्या वाजवायच्या, या नुसत्या विचारानं घाम फुटला.

"मी जाते वर," धाकटी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

"वर कोण आहे माहितीय ना?" कोचबाईंनी विचारलं. "भिंत."

भिंत म्हणजे क्लबमधलीच एक मुलगी. खरं नाव काहीतरी नाजूक होतं, पण तिला ढकलून बघितलेल्या मुलींनी हे ठेवलं होतं. वरच्या गटातली क्लबची जागा तिची होती, आणि ती हवी असेल तर तिला पाडूनच घ्यावी लागणार होती.

"माहितीय," धाकटी म्हणाली.

कोचबाईंनी मग बाबांकडे मोर्चा वळवला. "हे काम आता अर्धं माझं आणि अर्धं तुमच्या स्वयंपाकघराचं. मला हिचं नुसतं वजन नकोय. तळलेलं खाऊन कुणीही फुगतं. मला ताकद हवी. ती इथं लोखंड उचलून येईल, पण ज्यातून ती बनते ते पोटातूनच जायला हवं. सकाळी उठली की पोटभर. शाळेत मधल्या सुट्टीत पुन्हा. सरावाच्या आधी थोडं, आणि सराव संपला की घरी पोचायची वाट बघायची नाही, दूध आणि अंडी इथंच. रात्री नीट जेवण, झोपताना दही. आणि झोप भरपूर, अंग झोपेतच भरतं. अंडी, दूध, मासे, चिकन, दाणे, भात, बटाटे, फळं. तुमचे ते वरून साखर लावलेले बन नकोत."

बाबांचा चेहरा पडला. ते बन त्यांच्या बेकरीची शान होते. तरी धीर करून त्यांनी विचारलं, "ती डब्यातली पावडर मिळते म्हणे?"

"आणून बघा," कोचबाई शांतपणे म्हणाल्या. "त्याच पावडरीत तुम्हाला लोळवून भट्टीत घालीन."

आईला ही बाई तेव्हाच आवडून गेली. निघताना कोचबाईंनी मोठीला थांबवलं. "तू नेहमीसारखं जेवायचं. जास्त नाही, कमी तर मुळीच नाही. वजनासाठी उपाशी राहणारी मुलगी मला माझ्या हॉलमध्ये दिसली तर तिचे बूट मी बाहेर फेकते. आणि धाकटीचं अंग भरलं नाही, तर तिला मी भिंतीवर आपटायला पाठवणार नाही. मग दोघींची लढत होईल."

झालं. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी कंबर कसली.

बाबांचं काम पहाटेच्या आधी सुरू व्हायचं आणि नाश्त्याच्या वेळेला संपायचं. आई तोवर पहिल्या फेरीला गेलेली असायची. त्यामुळे सकाळचं स्वयंपाकघर बाबांचं राज्य. घरी आले की पिठाचे हात धुवायचे, अंडी उकडायला टाकायची, दूध तापवायचं, ओट्स शिजवायचे, त्यात केळं आणि दाण्याचा कूट. धाकटीच्या ताटात रास, मोठीच्या ताटात नेहमीचं. दोघींचे डबे भरायचे, आणि "सगळं संपलं पाहिजे हं," असं म्हणत जे अंथरुणावर आडवं व्हायचं ते दुपारपर्यंत. भट्टीसमोर रात्र काढलेल्या माणसाला उशी दिसली की दुसरं काही दिसत नाही.

बेकरीतले लोक म्हणायचे, "मजा आहे तुमच्या पोरीची. खायचं आणि मोठं व्हायचं." सुरुवातीला बाबाही हसायचे. मग एका रविवारी त्यांनी जागं राहून धाकटीचं जेवण पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. भाताचा डोंगर पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. भूक केव्हाच मेलेली, जबडा दुखतोय, आणि तरी ती एकेक घास चावत होती, मान खाली घालून, वीटभट्टीवर विटा वाहाव्यात तशी. तक्रार नाही, कुरकुर नाही. आदल्या संध्याकाळी बैठका मारून तिचे पाय इतके आखडले होते की खुर्चीतून उठताना तिनं टेबल धरलं. बाबांनी आयुष्यभर लोकांना खायला घातलं होतं, पण खाणं हेही अंगमेहनतीचं काम असतं हे त्यांना त्या दिवशी समजलं. कोवळ्या पोरीच्या ठायी एवढा नेट कुठून आला, याचं त्यांना नवल वाटत राहिलं. सोमवारी बेकरीत कुणीतरी पुन्हा "मजा आहे" म्हणालं, तर बाबा म्हणाले, "तू ये एक दिवस आमच्याकडे जेवायला. उठून दाखव ताटावरून."

असे बरेच आठवडे गेले. मग कोचबाईंचा निरोप आला, एकटे या.

हॉलच्या कोपऱ्यात वजनकाटा होता. कोचबाईंनी दोघींना एकामागून एक उभं केलं. धाकटी वाढली होती, पण जेवढी वाढायला हवी त्याच्या निम्मी. मग मोठी चढली. ती अगदी तेवढीच वाढली होती, जेवढी धाकटी. काटा दोघींच्या वेळी त्याच रेघेवर थांबला.

"बघा," कोचबाई म्हणाल्या. "ही वर पोचलेली नाही आणि ती खालून निसटलीय. दोघी मध्येच लोंबकळतायत. आता यांच्यातली खालच्या गटातही कुणी नाही आणि वरच्यातही कुणी नाही. घरी काय वाढता तुम्ही?"

बाबांना ते फार लागलं. "बाई, धाकटीच्या ताटात दुप्पट असतं. माझ्या या हातानं वाढतो मी."

"मग ते जातं कुठं?"

घरी येताना त्यांच्या डोक्यात नाही नाही ते विचार आले. धाकटी अन्न टाकून देत असेल का? मोठी रात्री उठून काही खात असेल का? मोठीला वाईट वाटत असेल, तिच्या ताटात कमी असतं म्हणून? बाप झालो पण पोरींच्या मनातलं काही कळलं नाही, असं त्यांना वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखं वाढलं, "सगळं संपलं पाहिजे हं" म्हणाले, आतल्या खोलीत गेले, आणि दाराच्या फटीला डोळा लावून उभे राहिले. डोळ्यांवर झापड होती, पण आज माघार नव्हती.

मोठी बोलत होती. वर्गातल्या कुणाचं तरी जीवशास्त्राच्या तासाला झोपून बाकावरून पडणं ती साग्रसंगीत सांगत होती. धाकटी ऐकत होती आणि हसत होती. आणि हसता हसता तिच्या हातांनी अंडं सोललं, मधोमध तोडलं, अर्धं मोठीच्या ताटात ठेवलं. मोठीनं बोलता बोलता ते उचललं आणि तोंडात टाकलं. दोघींचंही तिकडे लक्ष नव्हतं. मग दुसरं अंडं, मग मोठीच्या ताटातलं, तेही अर्धं अर्धं. मग पाव. मग ओट्सचा वाडगा दोघींच्या मध्ये सरकला, आणि दोन चमचे त्यात आळीपाळीनं जात राहिले. कुणी चोरून काही करत नव्हतं, कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. हात आपलं जन्मापासूनचं काम करत होते. रात्रीच्या जेवणालाही हेच चालत असणार, शाळेच्या डब्यातही हेच. आईबाबांच्या समोर चाललेलं, पण इतकी वर्षं बघितलेलं, की दिसायचंच बंद झालेलं.

बाबा दार ढकलून बाहेर आले. "काय चाललंय हे?"

"काय?" दोघी एकदम म्हणाल्या.

"ताटं बघा आपापली."

दोघींनी ताटं पाहिली. धाकटीच्या ताटात अर्धा पाव, मोठीच्या ताटात त्याचाच दुसरा अर्धा. मोठीनं तोंडातलं चावायचं थांबवलं. धाकटी स्वतःच्या हाताकडे असं बघायला लागली जणू तो शेजाऱ्यांचा आहे.

"अगं, मी तुझं खातेय," मोठी म्हणाली. "रोज?"

"मीच देतेय वाटतं," धाकटी म्हणाली.

बाबांचा पारा चढलेला होता. "तुमच्यासाठी मी इथं डोळ्यांत तेल घालून वाढतोय आणि तुम्हाला एवढं भान नसावं? हा घे. हा पाव एकटीचा. पूर्ण तुझा." असं म्हणून त्यांनी टोपलीतला पाव उचलला, तावातावानं मधोमध तोडला, आणि एक तुकडा धाकटीच्या ताटात टाकला, एक मोठीच्या.

दोन तुकडे सारखे होते, अर्थातच. बाबांनी तुकड्यांकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. आधी मोठीला फुटलं, मग धाकटीला, आणि शेवटी बाबांना. तिघं इतकी हसली की मोठी खुर्चीवरून घसरली आणि खाली बसून हसत राहिली.

मग ती एकदम गप्प झाली. "म्हणजे मी गटाच्या बाहेर गेलेय," ती खालूनच म्हणाली. "आजपासून मी रात्रीचं जेवत नाही."

त्या संध्याकाळी कोचबाईंनी सगळी हकिकत ऐकून घेतली. बाबांना वाटलं, आता बोलणी बसणार. पण बाई कितीतरी वेळ खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. वळल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, हसूनच. मोठीला मात्र त्यांनी खडसावलं. "उपास केलास तर बूट बाहेर. हे तुझं वरचं आहे, धाकटीच्या ताटातलं. तू तुझं जेव, पूर्ण जेव, सराव कर, येईल ते जागेवर. आणि समजा तुझं अंग वाढायलाच लागलं असेल, तर वाढेल. पोरींच्या हाडांना मी थांब म्हणणार नाही." मग धाकटीला म्हणाल्या, "तुझं काय?"

धाकटी म्हणाली, "ती समोर रिकामी बसली की माझा घास उतरत नाही."

हे खरं अवघड होतं. वेगवेगळं बसवून पाहिलं, तर एक स्वयंपाकघरात आणि एक बाहेर, दोघींचंही जेवण अर्धवट राहिलं. तेव्हा तोडगा काढला तो मोठीनंच. ती आपलं आधी जेवून घ्यायची, ताट धुवून ठेवायची, आणि मग धाकटीच्या समोर येऊन बसायची, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हातांवर तिचा भरवसा राहिला नव्हता. आणि त्या बसल्या जागेवरून तिची जी टकळी सुरू व्हायची ती धाकटीचा शेवटचा घास जाईपर्यंत. वर्गातले किस्से, शेजाऱ्यांच्या नकला, भिंतीचं खरं नाव घेऊन केलेली कविता. धाकटीचा हात चुकून पलीकडे आला की मोठी नुसती मान हलवायची. "तिकडेच. ते तुझंय." तिलाही भूक असायची कधी कधी, सराव तिचाही तेवढाच होता. एकदा बाबांनी हळूच विचारलं, "तुला आणखी हवंय का गं?" तर म्हणाली, "माझं झालंय बाबा, पोट भरलंय. ही आपली सवय ओरडतेय." बाबा आत गेले ते बराच वेळ उशीला टेकून नुसते बसून राहिले. एक पोर पोट भरलेलं असताना खातेय आणि दुसरी सवय हातांखाली दाबून तिला हसवतेय. आपण या दोघींचे बाप आहोत याचा त्यांना अभिमान वाटला आणि जरा भीतीही वाटली.

आता पाळी त्यांच्या स्वतःच्या हाताची होती.

त्यांनी ठरवलं, धाकटीसाठी वेगळा पाव करायचा, मोठा, एकटीचा. दूध आणि अंडी घालून मळलेला, वरून तीळ, साखर नाही. पीठ तयार झालं, बाबांनी मोठा गोळा तोडायला हात घातला, आणि हाताला ते जमेना. काट्यावर टाकला तर नेहमीचाच निघाला. पुन्हा तोडला, पुन्हा नेहमीचा. सगळी बेकरी भोवती जमली. "आज मास्तर नापास," कुणीतरी म्हणालं. मालक म्हणाले, "अहो, जरा जास्त घ्या की, त्यात काय." त्यात काय ते बाबांनाच ठाऊक. शेवटी त्यांनी हात टेकले. दोन नेहमीचे गोळे घेतले, एकावर एक ठेवले आणि तळव्याखाली दाबून असे फिरवले की सांधा आत गेला आणि वरून एकच दिसायला लागलं. तोडता येत नव्हतं, पण जोडता येत होतं. तो पाव भट्टीतून निघाला तेव्हा चांगला गरगरीत होता. पिशवीत घालताना बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला, तोडायला हात मोकळा राहू नये म्हणून.

त्या पावावर धाकटी भरत गेली. हळूहळू, बरं का. रोज बघणाऱ्याला काही कळत नव्हतं. आईनं पहिल्यांदा ओळखलं. स्टॉपवर उभ्या असलेल्या दोघींपैकी कोण कोणती ते तिला बसच्या समोरच्या मोठ्या काचेतून, लांबूनच कळलं. असं कधी झालं नव्हतं. घरी आल्यावर ती बाबांना म्हणाली, "अहो, धाकटी मोठी झाली," आणि का कोण जाणे, थोडी रडली.

सुट्टीच्या दिवशी दोघी बेकरीत पोती उतरवायला यायच्या. पिठाचं पोतं एकीनं एका टोकाला धरायचं, दुसरीनं दुसऱ्या, हीसुद्धा जुनी रीत. त्या दिवशी गाडी आली, मोठीनं वाकून आपलं टोक धरलं, आणि पोतं तिच्या हातातून वर निघून गेलं. धाकटीनं ते एकटीनं खांद्यावर घेतलं होतं. ती ते आत ठेवून आली आणि दुसऱ्याला वाकली. मोठी रिकाम्या हातांनी बघत उभी होती. बाबांना वाटलं, हिला आता लागणार. पण ती म्हणाली, "बाबा, पाय बघा तिचे. हलले का जरा तरी?" आणि तिच्या आवाजात नुसतं कौतुक होतं.

निवडीचा दिवस उजाडला. सकाळी हॉलमध्ये वजनं झाली. मोठी खालच्या गटात बसली, अगदी काठावर, पण बसली, आणि तीही पोटात नाश्ता असताना. धाकटी वरच्या गटात व्यवस्थित गेली. मोठीची लढत आधी झाली. समोरची मुलगी चांगली होती, पण मोठीनं तिला श्वास घेऊ दिला नाही आणि जागा मिळवली.

मग धाकटी आणि भिंत.

बाबा आईच्या शेजारी बाकावर होते. मोठी मॅटच्या कडेला, खाली. लढतीचा पहिला भाग भिंतीचा गेला. तिनं धाकटीला दोनदा मॅटबाहेर ढकललं, अगदी सहज, दार लोटावं तसं. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. ही पोर स्वतःहून वर आली. खाली राहिली असती तर निदान बरोबरीच्या अंगाशी लढली असती. आता हरली तर वर्षभर मोठी मॅटवर आणि ही बाकावर.

दुसऱ्या भागात भिंत पुन्हा तशीच आली. छातीला छाती लावली आणि रेटा दिला. धाकटीचे पाय घसरले, थोडे, मग रोवले गेले, आणि ती थांबली. भिंतीनं पुन्हा जोर लावला. धाकटी हलली नाही. बाबांनी ते पाय ओळखले. ती अंडी, तो भात, ते डोळ्यांत पाणी आणून चावलेले घास, सगळं त्या पायांत उभं होतं. भिंत गोंधळली. तिला कुणी थांबवण्याची सवय नव्हती. तिनं क्षणभर वजन मागे घेतलं, आणि तेवढ्यात धाकटी खाली गेली, तिचे दोन्ही पाय कवेत घेतले, आणि पिठाचं पोतं घेतात तसं तिला उचलून खांद्यावर घेतलं.

हॉल उठून उभा राहिला. धाकटीनं भिंतीला उताणं खाली ठेवलं, आणि तिचे खांदे मॅटला लागले. पंचांचा हात मॅटवर पडला. लढत तिथंच संपली.

उठल्यावर धाकटीनं आधी भिंतीला हात दिला. भिंत उठली, तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तू खातेस काय गं?" धाकटीनं मोठीकडे बोट दाखवलं.

नंतर चौघं बाकावर बसली. बाबांनी पिशवीतून तो पाव काढून तिला दिला, दोन्ही हातांनी. मोठी शेजारी बसून बोलत सुटली होती, भिंतीचा चेहरा कसा झाला, पंच कसे वाकले, कोचबाईंनी कशी शिट्टी तोंडातून पाडली. बोलता बोलता धाकटीनं पाव धरला आणि तोडला. पाव बाबांनी जिथं सांधा दाबला होता तिथंच उघडला. दोन गोळे, जसेच्या तसे, सारखे.

बाबांनी घाबरून कोचबाईंकडे पाहिलं. त्या टेबलापाशी कागद आवरत होत्या. त्यांनी पावाकडे पाहिलं, मोठीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "तिचं वजन झालंय सकाळी. खाऊ दे."

धाकटीनं एक गोळा मोठीपुढे धरला. मोठीनं तो घेतला नाही. ती बोलायची थांबली, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं. ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. धाकटी खायला बसली की ती तशीच बसायची आता, आणि आज कुणी सांगायच्या आधीच हात तिकडे गेले होते. तिला ते काढायचंही सुचलं नाही.

मग धाकटीनं त्या गोळ्याचा एक तुकडा तोडला आणि मोठीच्या तोंडाशी नेला. मोठीनं तोंड उघडलं. दोघींनी चावायला सुरुवात केली, एकाच वेळी.

आईनं खिडकीकडे तोंड वळवलं. बाबांनी शर्टाच्या बाहीला डोळे पुसले, आणि दुसरा पाव काढायला पिशवीत हात घातला.